थंडीसाठी मेन जेट मोठा करायचा का? मुंबईहून निघणाऱ्या टू-स्ट्रोकचं गणित

भांडुपच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे आरएक्स १०० आहे, यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. डिसेंबरच्या अखेरीस मुंबई–उदयपूर–बिकानेर–अमृतसर असा बेत आहे, आणि त्याआधी गाडीची परीक्षा म्हणून एक शनिवार-रविवार महाबळेश्वर. त्यांचा मेकॅनिक म्हणतो, "थंडीत गाडी लीन होते, सीझ होईल, मेन जेट दोन नंबर मोठा टाका." मित्र म्हणतो, जेटला हात लावू नकोस, अर्धा चोक ओढून चालव. (कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल मिसळतो, मेन जेट म्हणजे त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी नळकांडं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की गाडी लीन, जास्त झालं की रिच, आणि पिस्टन सिलिंडरात जाम झाला की सीझ.) ऐकायचं कोणाचं?

मित्राचं तर अजिबात नको, ते का ते पुढे सांगतो. मेकॅनिकचा सल्ला बराचसा बरोबर निघण्याची शक्यता आहे, पण त्याने दिलेलं कारण अर्धंच खरं आहे. आणि कारण अर्धं कळलं की माणूस महाबळेश्वरलाही मोठा जेट टाकून जातो, मग वेण्णा लेकच्या काठावर काळा पडलेला प्लग पुसत बसतो.

थंड हवा दाट असते. तेवढ्याच घनफळात ऑक्सिजन जास्त भरतो, त्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण लीन होतं. इथवर मेकॅनिक बरोबर आहे. पण किती लीन, हे कोणी मोजत नाही. हवेची घनता काढायला तापमान केल्विनमध्ये घ्यावं लागतं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. मुंबईतले ३२ अंश म्हणजे ३०५, अमृतसरच्या पहाटेचे ४ अंश म्हणजे २७७. ३०५ भागिले २७७ म्हणजे १.१०. हवा १० टक्क्यांनी दाट झाली. अमृतसर समुद्रसपाटीपासून साधारण २३० मीटरवर आहे, त्यामुळे हवेचा दाब जेमतेम पावणेतीन टक्क्यांनी उतरतो. उरले ७ टक्के.

आता हे ७ टक्के जसेच्या तसे जेटच्या नंबरात मिळवायचे नसतात. हवा दाट झाली की व्हेंच्युरीतली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातली, ओढही वाढते आणि जेटमधून थोडं जास्त पेट्रोल आपोआप वर येतं. कार्ब्युरेटर निम्मी चूक स्वतःच सुधारून घेतो. म्हणून घनतेतला फरक निम्मा करायचा. ७ चे झाले साडेतीन.

यात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे दमटपणा. आपण मुंबईकर जी हवा ओढतो तिच्यात पाण्याची वाफ भरपूर असते. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली तीन-सव्वातीन टक्के जागा नुसत्या वाफेने अडवलेली असते, आणि वाफेत जाळायला काही नाही. ४ अंशाच्या हवेत पाणी धरायची ताकदच नसते. पंजाबात धुकं इतकं असो की पुढचा ट्रक दिसणार नाही, तरी त्या हवेत वाफ एक टक्क्याच्या आतच. म्हणजे आणखी अडीच टक्के लीन, आणि हे अडीच निम्मे होत नाहीत, पुरते लागू पडतात. एकूण सहा टक्क्यांच्या आसपास. तुमच्या गाडीत १०० नंबरचा मेन जेट आहे असं धरलं तर १०५ हा बरोबर पुढचा जेट. एक नंबर. दोन नव्हे.

आणि तेही पहाटेच्या हिशोबाने. दुपारी १८ अंशाला हाच फरक तीन टक्क्यांवर येतो.

आता महाबळेश्वर. उंची साधारण १,३५० मीटर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या ८५ टक्के. रात्री १० अंश धरा: ३०५ भागिले २८३ म्हणजे १.०८, गुणिले ०.८५ म्हणजे ०.९२. इतकी थंडी असूनही महाबळेश्वरची हवा मुंबईच्या घामट दुपारपेक्षा विरळच आहे! वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर वर्षी पेपरात येतात. त्या पहाटे ३ अंश धरून गणित केलं तरी उत्तर एकच्या खालीच राहतं. उंची मिश्रण रिच करते, थंडी आणि कोरडेपणा लीन करतात, आणि दोघांची जवळपास फिटंफाट होते. तिथे जेट मोठा केलात तर घाट चढताना गाडी गुदमरेल. महाबळेश्वरला आहे तोच जेट ठेवा.

नाशिक-निफाडकडे मात्र थोडं वेगळं. उंची साडेपाचशे-सहाशे मीटर, आणि थंडीत पारा ५ अंशांपर्यंत किंवा त्याखालीही जातो, द्राक्षबागवाले रात्रभर शेकोट्या पेटवतात. तिथे पहाटे चार टक्क्यांपर्यंत लीन होऊ शकतं, एका नंबराच्या थोडं आतच. सूर्य वर आला की तेही राहत नाही. कसारा चढून नाशिकला चहा पिऊन परत येणाऱ्याने यासाठी कार्ब्युरेटर उघडू नये.

मुंबईच्या मुंबईत? सांताक्रूझला आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. त्यानंतर त्याच्या जवळपासही क्वचितच गेलंय. आपल्याकडे १६ अंशाला स्वेटर निघतात, आणि दुपारी पुन्हा ३० असतं. पहाटे आणि दुपारी मिश्रणात पडणारा फरक अडीच-तीन टक्के, म्हणजे जेटच्या अर्ध्या पायरीएवढा. "थंडी पडली, ट्यूनिंग करून द्या" म्हणत जानेवारीत गाडी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार थंडीची नसतेच.

मग कशाची असते? बऱ्याचदा पेट्रोलची.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनत होती. तिचे जेट ठरले तेव्हा पंपावर इथेनॉल नावालाही नव्हतं. आज मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पुरता जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच वजनाने तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो. ई-२० ला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जेट तोच, हवा तीच, आणि गाडी ८ टक्के लीन. अमृतसरच्या पहाटेने सहा टक्के लीन होते म्हणून आपण घाबरतो, आणि त्याहून मोठा फरक पंपावरचा नोझल टाकीत ओतून जातो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मेकॅनिकचे दोन नंबर. तुमच्या गाडीत अजून जुना मूळ जेट असेल, ई-२० साठी काहीच केलं नसेल, तर ८ आणि ६ मिळून १४ टक्क्यांची तूट होते, आणि दोन नंबर वाढवणं योग्यच ठरतं. कंपनीने जेट मुळात थोडा रिच बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे पूर्ण १४ टक्के भरून काढायची गरज पडत नाही. पण यातला मोठा वाटा मुंबईतच, निघायच्या आधी दुरुस्त करायचा आहे. थंडीचा वाटा त्यानंतर एक नंबर, तो खिशात ठेवायचा आणि लागेल तिथे टाकायचा. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की सगळा गोंधळ मिटतो.

जेटला हात लावण्याआधी मात्र गाडी दुसरीकडून हवा ओढत नाही ना, हे बघा. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर जुन्या गाड्यांत कडक होऊन चिरलेलं असतं. वरून चांगलं दिसतं, बोटाने वाकवलं की खालच्या बाजूची चीर उघडते. थंडीत रबर आणखी ताठ होतं आणि चिरेचं तोंड उघडतं. मग "थंडीत गाडी लीन होते" ही तक्रार खरी वाटते, पण जेटशी तिचा काही संबंध नसतो. दुसरी जागा म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. ते गेलं की क्रँककेस तिथून हवा ओढते, स्लो, म्हणजे उभ्या गाडीचे फेरे, वर-खाली होतं, एक्सलेटर सोडल्यावर आवाज लवकर खाली येत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर हवा नाही, गिअर ऑइल ओढलं जातं आणि मागून पांढऱ्या धुराचा पडदा निघतो. सील फार महाग नसतात. नवीन मोठे जेट घेण्यापूर्वी ही दोन सील बदललेली बरी. हवा ओढणाऱ्या गाडीला मोठा जेट टाकणं म्हणजे भोक पडलेल्या पिंपाचा नळ मोठा सोडण्यासारखं आहे.

तिसरं, जेट खरंच त्या नंबरचा आहे का? बाजारात मिळणाऱ्या जेटवर नंबर छान कोरलेला असतो, भोक वेगळंच असतं. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या कोणीतरी कचरा काढायला क्लच वायरचा तंतू भोकात घालून फिरवलेला असतो. जेट पितळेचा, तंतू पोलादाचा. चार-पाच वेळा हे झालं की १०० चा जेट नंबर १०० चाच दाखवतो आणि काम भलतंच करतो. जेट साफ करायचा तर पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या झोताने, फार तर मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीने. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या कार्ब्युरेटरमधून काढलेले अस्सल जेट कधी कधी हाती लागतात. ते घेताना उजेडाकडे धरून बघा, भोक गोल आणि कडा धारदार हवी. आणि मिकुनी कंपनीच्या जेटच्या आकड्याशी केहिन कंपनीचा आकडा ताडून बघू नका, दोघांची मापायची पद्धत वेगळी आहे.

आता प्रत्यक्ष काम. लोक सगळा जीव मेन जेटवर टाकतात, पण मेन जेट खरं राज्य करतो तो पाऊण एक्सलेटरच्या पुढे. आरएक्स घेऊन हायवेला ६०-७० ने निघालात की तुमचा हात अर्ध्या एक्सलेटरवर असतो, आणि तिथे राज्य सुईचं, एक्सलेटरबरोबर वर-खाली होऊन पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या निमुळत्या सुईचं. दिवसाचे आठ तास तुम्ही सुईवर चालणार आहात. म्हणून क्रम असा घ्या: आधी सुई, मग मेन जेट, मग पायलट (स्लोचं पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि एअर स्क्रू.

स्लाइड, म्हणजे एक्सलेटरने वर-खाली होणारा कार्ब्युरेटरमधला दट्ट्या, वर काढली की सुई हातात येते. तिच्या डोक्याजवळ खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. खाचा वरून मोजायच्या. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. हे उलटं वाटतं, त्यामुळे घाईत हमखास चुकतं. ई-२० साठी क्लिप एक खाच खाली घ्या, आणि अर्ध्या एक्सलेटरवर सपाट रस्त्याने गाडी चालवून बघा. लीन गाडी अर्ध्या एक्सलेटरवर चुरचुरते, हलकासा झटका देते, गरम झाल्यावर दम सोडते. रिच झालेली टू-स्ट्रोक बडबडते, एक आड एक फेऱ्याला पेटल्यासारखा ढबढब आवाज येतो आणि चढ लागला की तोच आवाज साफ होतो. अर्ध्या एक्सलेटरवर अगदी हलकी बडबड, आणि थोडं ओझं पडताच साफ: प्रवासाला निघणाऱ्या गाडीला मी याच जागी ठेवतो. अगदी चाकूच्या धारेवर ट्यून केलेली गाडी पिकअपला मस्त वाटते, पण ती गल्लीत मिरवायला. बिकानेरच्या सरळसोट रस्त्यावर तासभर एकाच एक्सलेटरवर चालायचंय, तिथे रिचच्या बाजूला असलेली गाडी घरी आणते.

मेन जेट बरोबर आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, पूर्ण एक्सलेटर द्या. आता अगदी किंचित, केसभर कमी करा. कमी केल्यावर गाडी जास्त जोरात ओढू लागली तर मेन जेट लीन आहे. पूर्ण उघडल्यावर गाडी बडबडत असेल आणि वर चढतच नसेल तर रिच. तिसरा गिअर आणि चढ अशासाठी सांगतो की इंजिनावर पुरतं ओझं पडतं आणि वेग आटोक्यात राहतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हा उद्योग करू नका. पहाटे जुन्या मुंबई–पुणे रस्त्याचा घाटाआधीचा मोकळा, सौम्य चढाचा तुकडा पुरे; तसंही एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदीच आहे.

प्लग बघायचा तर नवा प्लग घाला. वर्षभराच्या काजळीवर काही कळत नाही. पूर्ण एक्सलेटरवर थोडं अंतर चालवून, एक्सलेटर तसाच असताना इग्निशन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि कडेला लागायचं. मागून कोणी येत नाही ना, हे आधी बघून. हळूहळू स्लोवर आणून थांबलात तर प्लग तुम्हाला फक्त स्लोची गोष्ट सांगेल. टोकाचा रंग बघून निकाल देऊ नका. आजच्या पेट्रोलने टोक पांढुरकंच राहतं. चिनी मातीचा भाग जिथे खाली धातूत शिरतो तिथे, खोल, एक धुरकट कडं दिसतं. टॉर्च लावून ते बघा. कडं नसेलच तर लीन. चिनी मातीवर बारीक चकाकणारे दाणे दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, तिथेच थांबा आणि जेट वाढवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थंडी म्हणून गरम प्लग टाकावा असंही काही जण सांगतात. टाकू नका. हायवेला लांब पल्ल्यावर गरम प्लग पिस्टनचं डोकं खातो. आणि नंबर वाचताना लक्ष ठेवा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये वाढला की गरम. दुकानदाराने "तोच नंबर आहे, कंपनी दुसरी" म्हणत दिलेला प्लग तिथेच उलटून बघायचा.

एअर स्क्रू शेवटी. आरएक्सच्या मिकुनीत हा स्क्रू हवेच्या बाजूला असतो. आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. इंजिन पुरतं गरम करून, स्लो थोडा वाढवून, स्क्रू हळूहळू फिरवत जिथे फेरे सर्वात वर जातात ती जागा शोधायची आणि तिथून जरासा आत घ्यायचा. ही जागा एक ते अडीच फेऱ्यांत सापडली तर पायलट जेट बरोबर आहे. स्क्रू पूर्ण आत घातला तरच गाडी बरी चालते, असं असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. थंडीसाठी वेगळं काही लागलं तर पाव फेरा आत, एवढंच. यासाठी पान्याची नव्हे, एका स्क्रू ड्रायव्हरची गरज आहे, रस्त्यात कुठेही होतं.

आता मित्राचा अर्धा चोक. आरएक्सचा चोक म्हणजे हवेचं दार बंद करणारी झडप नाही. तो एक छोटा प्लंजर आहे, तो उचलला की वेगळ्या मार्गाने जादा पेट्रोल आत येतं, आणि ते ओढलं जातं एक्सलेटर बंद असतानाच. एक्सलेटर उघडला की ती ओढ संपते. म्हणून चोक ओढून हायवेला चालवल्याने अर्ध्या-पाऊण एक्सलेटरवर जवळजवळ काही उपयोग होत नाही, फक्त स्लोवर प्लग काळा होतो. आणि याच कारणाने थंडीत गाडी सुरू होत नाही अशी तक्रार येते: लोक चोक ओढतात आणि सवयीने एक्सलेटर पिळत किक मारतात. पिळला की चोक गेला. बिकानेरच्या पहाटे चोक ओढा, एक्सलेटरवरून हात काढून घ्या, दोन किका सावकाश मारा, तिसरी जोरात. ई-२० थंडीत शुद्ध पेट्रोलपेक्षा अनिच्छेने पेट घेतं, इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, तेव्हा एखाद-दुसरी किक जास्त लागली तर कार्ब्युरेटर खोलू नका.

गाडी सुरू झाली की लगेच निघू नका, आणि हे मी जेटच्या बरोबरीचं, किंबहुना वरचं समजतो. थंडीत जाम झालेल्या कितीतरी गाड्यांचा मिश्रणाशी काही संबंध नसतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची बाही बिडाची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४ अंशाला गार पडलेल्या सिलिंडरात पिस्टनला झटकन गरम केलंत, म्हणजे किक मारल्या मारल्या पूर्ण एक्सलेटरने हॉटेलच्या आवारातून निघालात, की पिस्टन आधी फुगतो, बाही गारच राहते, आणि दोघांमधली फट संपते. चार ठिकाणी चार उभे ओरखडे असलेला पिस्टन बाहेर निघाला की समजायचं, ही लीनची नाही, घाईची करणी. दोन-तीन मिनिटं हलक्या एक्सलेटरवर गरम करा, सिलिंडरच्या फिन्सना हात लावून बघा, मग पहिले काही किलोमीटर अर्ध्या एक्सलेटरच्या आत. डब्यातला चहा तेवढ्यात पिऊन होतो.

तेलाचं. आरएक्सला ऑइल पंप आहे, एक्सलेटरची वायर फुटून एक टोक कार्ब्युरेटरला आणि दुसरं पंपाला जातं. स्लाइड काढून सुई बदलली की वायरची ढील बदलू शकते, तेव्हा पंपावरची खूण जुळते का, हे शेवटी बघायचंच. तेल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं, थंडीत वाहणारं घ्या. टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) संपलं म्हणून ढाब्याजवळच्या दुकानातून २०डब्ल्यू-४० घेऊन टाकीत ओतू नका. गारठ्यात ते पंपापर्यंत पोचायलाच नको म्हणतं. जुन्या येझदी, जावावाले पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, त्यांना वेगळी सूचना: थंडी आहे, गाडीला जरा जास्त तेल देऊ, असा लाड करू नका. ४० ला १ चं मिश्रण २० ला १ केलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबातलं पेट्रोल अडीच टक्क्यांनी कमी होतं, आणि गाडी आणखी लीन होते. जादा तेलाने वाचवायला गेलात ती त्याच तेलाने गरम होते.

घाट उतरताना एक्सलेटर पूर्ण बंद करून इंजिनवर गाडी रोखू नका. फेरे चढलेले, पेट्रोल जवळपास बंद, आणि तेल तर पेट्रोलच्या मागोमाग येणारं. विशेषतः मिसळीच्या गाड्यांत पिस्टन कोरडा पळतो. मधूनमधून एक्सलेटरला हलका पीळ द्या, किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरा.

तुमच्या बेतापुरतं आता. निघायच्या पंधरा दिवस आधी रबर आणि सील, मग मुंबईतच ई-२० साठी सुई एक खाच आणि गरज दिसली तर मेन जेट एक नंबर वर. याच अवस्थेत महाबळेश्वर करा, तिथे काही बदलू नका. अमृतसरसाठी त्याहून एक नंबर मोठा जेट आणि एक लहान, दोन्ही बरोबर ठेवा. उदयपूर ६०० मीटरच्या आसपास आहे, तिथपर्यंत जरूर पडणार नाही. बिकानेरला पोचल्यावर पहिल्या गार पहाटे पूर्ण एक्सलेटरची ती केसभर कमी करून बघायची परीक्षा घ्या. गाडीने लीनची खूण दिली तरच जेट बदला. नाही दिली तर पाऊण एक्सलेटरच्या आत चालवत राहा, मेन जेट कामालाच लागणार नाही. जेट बदलायला पेट्रोल कॉक बंद, इंजिन गार, खालच्या वाटीचे स्क्रू काढायचे. ते स्क्रू मऊ असतात आणि त्यांची खाच जपानी मापाची. आपला साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो. योग्य बिट घरूनच न्या. वाटीतलं पेट्रोल धरायला एक झाकण, आणि खाली फडकं अंथरलेलं असू द्या. वाळूत पडलेला जेट सापडत नाही.

धुक्यात एक्सलेटर सोडूनही गाडीचा आवाज खाली येत नसेल, किंवा स्लोवर उगाच बंद पडत असेल, तर कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरलाय का, ही शंका घ्या. शून्य ते १५ अंश आणि भरपूर ओलावा असला की पेट्रोल वाफ होताना गळा इतका गार होतो की ओलावा तिथेच गोठतो. पाच मिनिटं थांबलात की इंजिनाच्या उष्णतेने वितळतो. जेट बदलायचं कारण नाही.

दिल्ली टाळून जाताय ते बरंच आहे. तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, वाट वाकडी करून शिरायची वेळ आली तर ताजा नियम बघून घ्या.

पुढे कधी लेहचा विचार केलात तर हे सगळं उलटं. ३,५०० मीटरवर दाब मुंबईच्या ६५ टक्के, तिथे मिश्रण तेराएक टक्के रिच होतं, जेट दोन-तीन नंबर लहान लागतो. गाडी लहान जेट मागते तेव्हा घाई नसते, फक्त दम कमी पडतो. धोका उतरताना आहे: खाली जम्मूकडे किंवा मनालीच्या पुढे कुल्लूला येण्याआधी मोठा जेट परत टाकायचा, हॉटेलवर पोचून नव्हे.

अमृतसरहून परतताना मोठा जेट अहमदाबादपर्यंत राहिला तरी काही बिघडत नाही, थोडं पेट्रोल आणि थोडी काजळी एवढंच. मुंबईत आल्यावर जुना जेट घाला. आणि त्यानंतर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. ई-२० इथल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुढच्या वेळी गाडी मिसिंग मारायला लागली की पुन्हा लोक जेटच खोलतात.